वजन उतरवणाऱ्या औषधांचा हिशोब: एका पारड्यात किलो, दुसऱ्यात काय?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा आपल्या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलेली वाक्यं तेवढी नीट केलीत, बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय वजन कमी करणारी औषधं. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी औषधं. टीव्हीवरचे चहा, पावडरी आणि पोटाला बांधायचे पट्टे आज बाजूला ठेवू. मार्च २०२५ मध्ये भारतात माउंजारो आलं, जूनमध्ये वेगोव्ही आलं, आणि तेव्हापासून ऑफिसच्या कॅन्टीनपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत 'ते इंजेक्शन' हा शब्द कानावर पडतोच. त्यावर पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: "साइड इफेक्ट काय आहेत गं?"

प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा आहे. साइड इफेक्टची यादी कुठेही मिळते. औषधाच्या खोक्यातल्या कागदावर ती छापलेलीच असते. खरा प्रश्न असा, की ती यादी बनवताना कोणी, कुठे, किती दिवस आणि कोणाच्या शरीरात बघितलं होतं? जिथे बघितलंच नाही, तिथलं काही यादीत येणार नाही. गेल्या साधारण नव्वद वर्षांत हा तराजू पुन्हा पुन्हा चुकला, आणि दर वेळी थोड्या वेगळ्या कारणाने चुकला. तीच गोष्ट आज सांगते.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवते. मी इंजिनियर आहे, डॉक्टर नाही. हे वाचून कोणी चालू औषध बंद करू नका, आणि नवीन सुरूही करू नका.

दारूगोळ्याच्या कारखान्यातून दवाखान्यात

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफिनॉल नावाचं एक पिवळं रसायन वापरलं जायचं. आपण त्याला डीएनपी म्हणू. तिथल्या कामगारांना भयंकर घाम यायचा, ताप चढायचा, वजन उतरायचं. काही जण मेलेही. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मॉरिस टेंटर आणि विंडसर कटिंग यांनी यातल्या 'वजन उतरायचं' या भागाकडे लक्ष दिलं, आणि १९३३ मध्ये लठ्ठपणावर उपाय म्हणून डीएनपीबद्दल लिहिलं.

हे औषध काम कसं करतं ते बघा. आपल्या पेशींमधली ऊर्जा बनवण्याची पद्धत धरणासारखी असते. कोयनेचं पाणी अडवायचं, ते टर्बाइनमधून सोडायचं, त्यातून वीज काढायची. पेशीतही एका पडद्याच्या एका बाजूला हायड्रोजनचे कण साठवले जातात, ते ठरलेल्या दारातून परत येतात, आणि त्यातून वापरण्याजोगी ऊर्जा तयार होते. डीएनपी त्या पडद्यातून कणांना चोरवाट काढून देतं. धरणाला भगदाड पडावं तसं. पाणी वाहून जातं, वीज बनत नाही, नुसती उष्णता निर्माण होते. शरीर मग तूट भरून काढायला आणखी इंधन, म्हणजे चरबी जाळतं.

वजन खरंच उतरायचं, आणि झपाट्याने उतरायचं. पण मात्रा थोडी जास्त झाली की माणूस आतून भाजल्यासारखा तापायचा, आणि यावर कोणताही उतारा नव्हता. आजही नाही. तरी वर्षभरातच अमेरिकेत किमान १ लाख लोकांनी डीएनपी घेतल्याचा अंदाज आहे. १९३५ च्या सुमारास डॉक्टरांना दिसलं, की तरुण बायकांना मोतीबिंदू होतोय. सत्तरीत होणारा आजार ऐन तारुण्यात!

सरकार गप्प का होतं? तर १९०६ च्या अमेरिकन कायद्यात औषध म्हणजे आजारावरचा उपाय, आणि लठ्ठपणा हा आजार धरला जात नव्हता. म्हणून वजन उतरवणाऱ्या वस्तू कायद्याच्या कचाट्यातून सुटायच्या. १९३८ मध्ये नवा कायदा आला तेव्हा कुठे डीएनपी बंद झालं.

बंद झालं म्हणजे औषध म्हणून बंद झालं. आजही ते 'फॅट बर्नर' म्हणून इंटरनेटवर विकलं जातं आणि त्याने माणसं मरतात. ब्रिटनने तर ऑक्टोबर २०२३ पासून त्याला कायद्याने नियंत्रित विषांच्या यादीत टाकलं. जिमच्या लॉकर रूममध्ये कोणी पिवळी पावडर भरलेली कॅप्सूल पुढे केली, तर हा इतिहास आठवा.

एका गोळीचा त्रास झाकायला दुसरी गोळी

पुढचा काळ अॅम्फेटामिनचा. या औषधांनी भूक मरते, झोप उडते, आणि हळूहळू सवय लागते. १९४० पासून अमेरिकेत 'रेनबो पिल्स' नावाचा प्रकार फोफावला. वजन कमी करण्याच्या खास दवाखान्यांत रंगीबेरंगी गोळ्यांचा संच मिळायचा.

त्या संचात काय असायचं? भूक मारायला अॅम्फेटामिन. शरीराची भट्टी पेटती ठेवायला थायरॉइड. काट्यावर आकडा लगेच कमी दिसावा म्हणून लघवीचं आणि जुलाबाचं औषध. हृदयावर काम करणारं डिजिटॅलिस. आणि या सगळ्याने जी तगमग व्हायची, झोप उडायची, ती दाबायला गुंगीचं औषध. म्हणजे साइड इफेक्ट कळत होते! पण ती सूचना समजायच्या ऐवजी त्यावर आणखी एक गोळी ठेवली जायची. लघवीच्या आणि जुलाबाच्या औषधांनी शरीरातलं पोटॅशियम कमी व्हायचं, आणि पोटॅशियम कमी असताना डिजिटॅलिस हृदयाचे ठोके बिघडवतं. लोक दगावले ते या अशा जोड्यांमुळे.

१९६८ मध्ये लाइफ मासिकाची पत्रकार सुझॅना मॅक्बी अशा १० डॉक्टरांकडे गेली. तिचं वजन जास्त नव्हतंच. तरी तिला मिळून १,४७९ गोळ्या मिळाल्या. त्याच वर्षी अमेरिकन सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या आणि हा धंदा आवरला गेला.

इथे तराजू चुकला नव्हता. तो कोणी हातात धरलाच नव्हता, कारण गोळ्या लिहून देणारा आणि विकणारा एकच होता.

२८० विरुद्ध १४

आता ज्या गोष्टीसाठी मी हा एपिसोड करायचा ठरवला, ती.

१९६५ मध्ये स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि जर्मनीत अमिनोरेक्स नावाचं भूक मारणारं औषध आलं. दोनच वर्षांत बर्नच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढण्याचा एक दुर्मीळ आजार अचानक वीसपट वाढलाय. या आजारात फुफ्फुसाकडे रक्त ढकलताना हृदयाची उजवी बाजू थकत जाते, दम लागतो, आणि बरेच रुग्ण काही वर्षांत दगावतात. १९६८ मध्ये अमिनोरेक्स बाजारातून गेलं.

यातून धडा मिळाला होता: भूक मारणारं औषध फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या बिघडवू शकतं.

आता १९९२ मध्ये या. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठात मायकेल वाइनट्रॉब यांनी १२१ लोकांवरचा एक अभ्यास छापला. त्यांनी फेनफ्लुरामिन आणि फेंटरमिन ही दोन जुनी औषधं एकत्र दिली. ३४ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १४ किलोंनी कमी झालं, नुसती गोळी समजून साखरेची गोळी घेणाऱ्यांचं साडेचार किलोंनी. या जोडीला लोकांनी 'फेन-फेन' नाव दिलं आणि अमेरिकेत तिची लाटच आली. १९९६ या एका वर्षात या औषधांच्या १ कोटी ८० लाखांहून जास्त चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. एप्रिल १९९६ मध्ये फेनफ्लुरामिनचंच सुधारित रूप, डेक्सफेनफ्लुरामिन, 'रिडक्स' या नावाने मंजूर झालं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये युरोपातला एक मोठा अभ्यास आला. भूक मारणारी ही औषधं ३ महिन्यांहून जास्त घेतली, तर फुफ्फुसाच्या त्या आजाराचा धोका सुमारे २३ पट होतो, असं त्यात निघालं.

२३ पट! ऐकून धडकी भरते. पण त्याच अंकात दोन तज्ज्ञांनी लिहिलेलं एक संपादकीय होतं, आणि त्यांनी शांतपणे हिशोब मांडला. आजार मुळात इतका दुर्मीळ आहे, की २३ पट होऊनही १० लाख लोकांमागे दर वर्षी साधारण १४ मृत्यू होतील. उलट वजन कमी झाल्यामुळे त्याच १० लाखांत साधारण २८० जीव वाचतील. वीसास एक. औषध द्यावं.

पुढे उघड झालं, की हे दोन्ही लेखक या औषधाशी संबंधित कंपन्यांचे सल्लागार म्हणून काम केलेले होते आणि ते तिथे नमूद नव्हतं. मोठा गदारोळ झाला. पण क्षणभर ते बाजूला ठेवा, कारण मला त्याहून महत्त्वाची गोष्ट दाखवायची आहे. या गणितात बेरीज-वजाबाकीची चूक नव्हती. चुका दोन होत्या, आणि दोन्ही गणिताच्या बाहेर होत्या.

पहिली चूक: ते २८० जीव कोणी मोजलेले नव्हते, गृहीत धरले होते. जाड माणसांत मृत्यूचं प्रमाण जास्त, म्हणजे औषधाने बारीक केलेल्या माणसांत ते कमी होणार, असं धरून चाललेले होते. दुसरी चूक: १४ च्या पारड्यात फक्त फुफ्फुस होतं. हृदय नव्हतं.

फार्गो नावाच्या गावात

नॉर्थ डकोटा हे अमेरिकेतलं थंड, विरळ वस्तीचं राज्य. तिथल्या फार्गो शहरात एका रुग्णालयात हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इकोकार्डिओग्राम करणारी एक तंत्रज्ञ होती. १९९४ च्या शेवटापासून तिला काहीतरी विचित्र दिसू लागलं. मध्यमवयीन बायका यायच्या, आणि त्यांच्या हृदयाच्या झडपा जाड, पांढुरक्या, नीट न मिटणाऱ्या दिसायच्या. असं चित्र सहसा एका विशिष्ट गाठीच्या आजारात किंवा अर्धशिशीचं एक जुनं औषध फार घेतलेल्यांत दिसतं. या बायकांना त्यातलं काहीच नव्हतं. एकच गोष्ट सारखी होती: फेन-फेन.

तिने ती नावं टिपून ठेवायला सुरुवात केली. पुढे तिथल्या हृदयरोगतज्ज्ञांनी ही माहिती मेयो क्लिनिकला कळवली. मेयोमध्येही असे रुग्ण येत होते. हायडी कॉनली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ बायकांची माहिती एकत्र केली आणि जुलै १९९७ मध्ये ती जाहीर केली. त्या २४ पैकी ५ जणींना तोवर हृदयाची शस्त्रक्रिया करावी लागली होती. मग ठिकठिकाणच्या डॉक्टरांनी फेन-फेन घेतलेल्या २९१ लोकांच्या तपासण्या अमेरिकन औषध प्रशासनाला कळवल्या, तर सुमारे ३० टक्क्यांच्या इकोमध्ये दोष निघाला. त्यातल्या बहुतेकांना काहीच त्रास जाणवत नव्हता. पुढच्या अभ्यासांत हा आकडा कमी भरला, पण दोष खरा होता. १५ सप्टेंबर १९९७ ला फेनफ्लुरामिन आणि डेक्सफेनफ्लुरामिन दोन्ही बाजारातून मागे घेतली गेली. १९९९ मध्ये कंपनीने ३७५ कोटी डॉलरची सामूहिक तडजोड मान्य केली.

विचार करा. फेनफ्लुरामिन अमेरिकेत १९७३ पासून होतं. युरोपात त्याहूनही आधीपासून. इतकी वर्षं झडपांचा दोष दिसला कसा नाही? कारण वजनाच्या औषधाचा अभ्यास करताना वजन, रक्तदाब, नाडी मोजतात. निरोगी वाटणाऱ्या माणसाचा इको कोण काढणार? आम्ही सॉफ्टवेअरवाले हे रोज बघतो. सगळ्या टेस्ट पास झाल्या, याचा अर्थ एवढाच, की ज्या टेस्ट लिहिल्या होत्या त्या पास झाल्या.

तोच रेणू, नवी पाटी

आता कोणालाही वाटेल, की १९९७ नंतर जगाने हे औषध कायमचं सोडलं असेल. पण फ्रान्समध्ये १९७६ पासून 'मेडिएटर' नावाचं एक औषध विकलं जात होतं. त्यातलं रसायन बेनफ्लुओरेक्स. सर्व्हिए ही कंपनी ते विकायची. पाटीवर लिहिलेलं होतं मधुमेहासाठी, पण कित्येक डॉक्टर ते भूक कमी करायला द्यायचे.

बेनफ्लुओरेक्स पोटात गेल्यावर शरीरात त्याचं नॉरफेनफ्लुरामिन बनतं. फेनफ्लुरामिनचंही नॉरफेनफ्लुरामिनच बनतं. तेच जाऊन हृदयाच्या झडपांवरच्या सेरोटोनिनच्या एका ग्राहीला चिकटतं, आणि झडप जाड होते. म्हणजे एकाच बिघाडाचं नुसतं वेष्टन बदललं होतं. तरी १९९७ नंतरही फ्रान्समध्ये ते आणखी १२ वर्षं विकलं गेलं. स्पेन आणि इटलीतून ते आधीच गेलं होतं.

फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रेस्ट नावाचं बंदर आहे. तिथल्या फुफ्फुसरोगतज्ज्ञ इरेन फ्राशों यांना २००७ पासून मेडिएटर घेणाऱ्या रुग्णांत हाच नमुना दिसू लागला. जुन्या फायली उकरणं, सहकाऱ्यांना पटवणं, सरकारी बैठकांत पुन्हा पुन्हा तेच सांगणं असं सगळं त्यांनी केलं. नोव्हेंबर २००९ मध्ये औषध बंद झालं. तोपर्यंत सुमारे ५० लाख लोकांनी ते घेतलेलं होतं, आणि मृत्यूंचे अंदाज ५०० पासून २,००० पर्यंत जातात. मार्च २०२१ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने सर्व्हिएला फसवणूक आणि सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी धरलं.

फार्गोत एक तंत्रज्ञ, ब्रेस्टमध्ये एक डॉक्टर. दोन्ही ठिकाणी इशारा राजधानीतून आला नाही. समोर बसलेल्या रुग्णाकडे नीट बघणाऱ्या माणसाकडून तो आला.

वजन उतरलं, झटके वाढले

आता ती पहिली चूक, 'फायदा गृहीत धरला' ही. ती कशी उघडी पडली ते सांगते.

फेन-फेन गेल्यावर दोनच महिन्यांत, नोव्हेंबर १९९७ मध्ये, अमेरिकेत सिब्युट्रामिन मंजूर झालं. झडपांना धोका नाही, पण रक्तदाब आणि नाडी थोडी वाढते, हे माहीत होतं. सगळे म्हणाले, वजन कमी होईल त्याचा फायदा मोठा आहे. या वेळी मात्र युरोपच्या औषध प्रशासनाने आग्रह धरला, की खरंच मोजून दाखवा. मग हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या सुमारे १० हजार लोकांवर काही वर्षं चाचणी झाली.

निकाल २०१० मध्ये आला. सिब्युट्रामिन घेणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा तशा घटना ११.४ टक्के, न घेणाऱ्यांत १० टक्के. वजन उतरलेलं होतं, आणि झटके वाढलेले होते. कंपनीचं म्हणणं होतं, की हृदयविकाराच्या रुग्णांना हे औषध द्यायचंच नव्हतं, आणि त्यात तथ्यही होतं. पण बाहेरच्या जगात चिठ्ठ्या इतक्या काटेकोर लिहिल्या जात नाहीत. औषध गेलं. भारतात फेब्रुवारी २०११ मध्ये त्यावर बंदी आली. त्याआधी डिसेंबर २००९ मध्ये रिमोनाबँट या दुसऱ्या औषधावर आपल्याकडे बंदी आलीच होती. त्याने भूक कमी व्हायची, पण काहींना गंभीर नैराश्य यायचं, आत्महत्येचे विचार यायचे.

थोडक्यात, काट्यावरचा आकडा आणि आयुष्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही मोजाव्या लागतात.

आताची इंजेक्शनं: काय मोजलंय, काय नाही

आता सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइडकडे येऊ. ही औषधं आधीच्या यादीतली नाहीत. जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं. ते इन्सुलिन वाढवतं, पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतं आणि मेंदूला 'पुरे' असं कळवतं. आपलं स्वतःचं जीएलपी-१ दोन-तीन मिनिटांत विरघळतं. सेमाग्लुटाइड मात्र आठवडाभर टिकतं, म्हणून आठवड्याला एक इंजेक्शन. या कुळातलं पहिलं औषध, एक्सेनाटाइड, गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेतल्या रेणूवरून बनलं आणि २००५ मध्ये मधुमेहासाठी आलं. म्हणजे हे कूळ वीस वर्षं वापरात आहे. हा मोठा फरक आहे.

दुसरा फरक असा, की या वेळी फायदा गृहीत धरलेला नाही. २०२३ मध्ये आलेल्या एका चाचणीत १७,६०४ लोक होते. तीन वर्षांहून जास्त काळात हृदयविकाराच्या मोठ्या घटना आणि त्यातून होणारे मृत्यू ८ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर आले. सिब्युट्रामिनच्या अगदी उलट. हे श्रेय द्यायलाच हवं. "वजनाची सगळी औषधं म्हणजे विष" असं म्हणणारे व्हॉट्सअॅपवरचे काकासुद्धा तराजू चुकीचाच धरतात.

पण बारीक अक्षरं वाचा. त्या १७,६०४ जणांत सगळे ४५ वर्षांपुढचे होते, आणि सगळ्यांना आधीच हृदयविकार, पक्षाघात किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार होता. लग्नाच्या आधी ८ किलो उतरवायचे म्हणून इंजेक्शन मागणारी सत्तावीस वर्षांची मुलगी त्या चाचणीत नव्हती. तो फायदा तिच्या पारड्यात आपोआप पडत नाही. आणि त्याच चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी १६.६ टक्क्यांनी त्रासामुळे ते सोडलं. दुसऱ्या गटात हे प्रमाण ८.२ टक्के होतं.

त्रास कोणते? वजनासाठीच्या २०२१ च्या मुख्य चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, आणि ४४ टक्के लोकांना कधी ना कधी मळमळ झाली. उलट्या, जुलाब, बद्धकोष्ठता आहेच. पित्ताशयाचे खडे होतात. क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. जून २०२५ मध्ये युरोपच्या औषध प्रशासनाने डोळ्याच्या नसेला होणारा एक अतिदुर्मीळ इजेचा प्रकारही यादीत घातला, १० हजारांत एकापर्यंत. म्हणजे यादी अजून वाढतेय. याचा अर्थ बघणारे बघतायत, आणि ही चांगली गोष्ट आहे. आपल्या वयाच्या मुलींसाठी आणखी दोन गोष्टी: मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवायला सांगतात, आणि टिर्झेपटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होऊ शकतो. हे डॉक्टरांना न लाजता विचारा.

आणि काळाचा प्रश्न. औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं, असं त्याच चाचणीच्या पुढच्या भागात दिसलं. म्हणजे हा कोर्स नाही, हे रक्तदाबाच्या गोळीसारखं दीर्घकाळ घ्यायचं औषध आहे. पंचविशीत सुरू केलं तर चाळीस वर्षांचा हिशोब लागतो. तो आज कोणाकडेच नाही.

पुण्यातला फोटो

एक पारडं खास आपलं आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक फोटो आला होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही हेच दाखवलं. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधली ३.५ किलोंची, पण चरबीच्या बाबतीत आपली बाळं फारशी मागे नव्हती. कमी पडले होते ते स्नायू.

आता हे या औषधांशी जोडून बघा. वजन उतरतं तेव्हा नुसती चरबी जात नाही, स्नायूही जातात. सेमाग्लुटाइडच्या मुख्य चाचणीत ज्यांच्या शरीराचं स्कॅन केलं, त्यांच्या उतरलेल्या वजनात साधारण ४० टक्के वाटा चरबी सोडून इतर भागाचा होता. ज्याच्याकडे स्नायूंची गंगाजळी मोठी आहे त्याला हे परवडेल. मुळातच जो कमी भांडवलावर चाललाय, त्याचं काय? म्हणून प्रथिनं आणि वजन उचलण्याचा व्यायाम हे भारतीयांसाठी औषधाइतकंच महत्त्वाचं. उलट बाजूही तितकीच खरी: याच घडणीमुळे आपल्याला मधुमेह कमी वजनावर आणि लवकर होतो. त्यामुळे काहींसाठी औषधाचा फायदाही मोठा असू शकतो.

तराजू कोणाच्या हातात

शेवटची गोष्ट फेनफ्लुरामिनची, कारण ती संपली नाही. २०२० मध्ये अमेरिकेत तेच फेनफ्लुरामिन पुन्हा मंजूर झालं! ड्राव्हे सिंड्रोम नावाच्या लहान मुलांच्या भयंकर फिट्सच्या आजारासाठी. या आजारात मुलांना रोज फिट्स येऊ शकतात आणि जीवही जातो. अट एकच: सुरू करण्याआधी इको, दर ६ महिन्यांनी इको, थांबवल्यावरही इको.

रेणू तोच, झडपांचा धोकाही तोच. पण समोरच्या पारड्यात आता एका मुलाचा जीव आहे, आणि धोका कुठे आहे हे माहीत असल्याने तिथे नजर ठेवून आहेत. 'हे औषध सुरक्षित आहे का' या प्रश्नाला म्हणूनच एका शब्दाचं उत्तर नसतं. कोणासाठी, कशासाठी, किती दिवस, आणि कोण लक्ष ठेवणार, हे चार प्रश्न जोडल्याशिवाय ते पूर्ण होत नाही.

आपल्याकडे चौथा प्रश्न सगळ्यात नाजूक आहे. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. पेटंट संपलं की किंमत उतरते, आणि औषध लाखो घरांत पोचतं. ज्याला खरी गरज आहे त्याला ते परवडेल, हे चांगलंच. पण ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या इंजेक्शनची नोंद कुठेच होत नाही. त्या माणसाला काही झालं, तर ते कोणाच्याच यादीत येत नाही.

म्हणून एक काम सांगते, फुकट आहे. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनतर्फे देशभर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवली जाते. हा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. डॉक्टरच नाही, रुग्णही कळवू शकतो. टोल-फ्री नंबर १८००-१८०-३०२४. तुम्हाला किंवा घरात कोणाला कुठल्याही औषधाने त्रास झाला, तर आधी डॉक्टरांना सांगा आणि मग तिथे कळवा. "माझा त्रास तो काय, एकटीचाच" असं वाटेल. फार्गोच्या त्या तंत्रज्ञासमोर पहिल्या दिवशी एकच बाई आली होती.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या घरात हे औषध कोणी घेत असेल तर त्यांना टोमणे मारू नका, आणि शॉर्टकट घेतला म्हणून हिणवूही नका. वरचे चार प्रश्न मात्र त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे घेऊन जा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.